बिनचाळल्या पिठाचं धिरडं

निपाणी
१४ जुलै २०२५

चि. लक्ष्मी हिला अनेक आशीर्वाद.

ओळखलंस का? निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतली कांता, मालक सन्मती अण्णांची मंडळी. एवढं सांगितलं की लगेच आठवेल. तुझा बेळगावचा पत्ता जयाबाईकडून घेतला. वखार बंद होऊन बारा वर्षं झाली, तिथं आता सिमेंटची पोती असतात, पण जयाबाई अजून महिन्यातून एकदा मागच्या दाराशी येऊन बसते, तुम्हा जुन्या बायकांच्या गोष्टी सांगते. तुझा फोन नंबरही तिनं दिला होता. पण मला हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही. शिवाय तू साक्षरतेच्या वर्गाला जाऊन लिहायला-वाचायला शिकलीस असं कळलं. म्हटलं, मग पत्रच लिहावं.

इकडे सगळं ठीक आहे. माझ्या सासूबाई, आत्याबाई, नव्वदीला टेकल्या. अंथरुणाला खिळल्यात, पण जीभ तशीच आहे. मुलगा अभिनंदन इंजिनिअर झाला, बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात असतो. सोमवारी जातो, शनिवारी येतो. गेल्या वर्षी त्याचं लग्न झालं. सून दिव्या चिकोडीकडची, माणसात मिसळणारी आहे.

पत्राचं कारण लहानसंच. तू एक धिरडं करायचीस. अख्ख्या धान्याचं, करड्या रंगाचं, जाळीदार. परवा घरात सहज विषय निघाला आणि मला ते आठवलं. त्यात काय काय घालायचीस आणि कसं करायचीस, तेवढं सवडीनं कळव. सोबत पाकीट ठेवलं आहे, तिकीट लावून, वर पत्ता घालून.

तू काम सोडून गेलीस त्यानंतर तुझ्यासारखी बाई आमच्या वखारीला मिळाली नाही, हे आजही सगळे म्हणतात. जुन्या गोष्टी मनात ठेवू नयेत. भीमाप्पांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
कांता

*

निपाणी
२ ऑगस्ट २०२५

लक्ष्मी हिला आशीर्वाद.

एकोणीस दिवस झाले. आधी मी पोस्टाला नावं ठेवली. मग चार दिवसांपूर्वी जयाबाई आली तेव्हा तिला विचारलं, पत्र पोचलं का गं? ती म्हणाली, "पोचलंय. वाचलंय बी." आणि तंबाखू मळत बसली. तिला बोलतं करायला मी चहा पाजला, तरी नाही.

म्हणजे तुला उत्तर द्यायचं नव्हतं. दोन दिवस मला राग आला. एवढं काय मागितलं होतं, धिरडंच ना! मग राग ओसरला, कारण तो कुठल्या तोंडानं धरायचा हेच कळेना.

सहज विषय निघाला, हे मी खोटं लिहिलं होतं. दिव्याला दिवस गेलेत. चौथा महिना लागलाय आणि तिच्या पोटात काही म्हणून राहत नाही. भात नाही, भाकरी नाही, दूध तर बघवतही नाही. चार किलो वजन उतरलं. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर सलाईनला ठेवावं लागेल. अभिनंदनच्या वेळेला माझंही हेच झालं होतं, ते तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

म्हणून मी ते धिरडं करायला घेतलं. आठवेल ते धान्य घेतलं, ज्वारी, नाचणी, हुलगे, मटकी. दळून आणलं, चाळलं, पाण्यात भिजवलं, तव्यावर घातलं. ते तव्याला असं धरून बसलं की उलथणं वाकलं. दुसऱ्या दिवशी पातळ केलं, तर चिखल. तिसऱ्या दिवशी तेल वाढवलं, तर तेलकट खरवड. तीन दिवस आमचे हे मुकाट्यानं ती खरवड खात होते. चौथ्या दिवशी विचारलं, "व्हय गं, दिवस कुणाला गेल्यात? दिव्याला का मला?" दिव्या हसली. खूप दिवसांनी हसली. मग अर्धा घास खाल्ला आणि मोरीकडे पळाली.

आता एक गोष्ट लिहिते. ती लिहिल्याशिवाय तू मला काही सांगणार नाहीस असं वाटतं.

दिव्यानं मला विचारलं, "आई, तुम्हाला कोण करून देत होतं हे धिरडं?" आणि मी म्हणाले, आत्याबाई. आतल्या खोलीत आत्याबाई जाग्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. आत्याबाईंनी त्या वेळी मला धिरडं सोड, लिंबाची फोडसुद्धा आपणहून दिली नव्हती.

मला सगळं आठवतं, लक्ष्मी. मी बावीस वर्षांची होते. पाणीसुद्धा राहत नव्हतं, आणि अंगणापलीकडे वखार, चोवीस तास तंबाखूचा वास. दुपारी तुम्ही बायका पोत्यांच्या आडोशाला जेवायला बसायचात. तुझी उपासना, तीन वर्षांची असेल, तिथंच पोत्यावर झोपलेली असायची. एक दिवस तू फडकं सोडलंस आणि त्या धिरड्याचा वास आला. तोवर मला कशाच्याही वासानं मळमळायचं. त्या दिवशी पहिल्यांदा भूक लागली. बाकीच्या बायका हात धुवायला गेल्यावर मी तुझ्यापाशी आले.

तू म्हणालीस, "वैनी, ह्यात लसूण हाय. ताकात भिजवलंय. तुमच्यात चालत न्हाय ह्ये."

"दे गं मला."

"आन् थोरल्या बाईंस्नी कळलं तर? समदं माझ्यावर ईल."

"कोण सांगतंय? मी न्हाय सांगणार."

त्यानंतर सात आठवडे तू रोज दोन धिरडी जास्तीची आणलीस. तुझ्या घरात धान्य किती होतं हे मी कधी विचारलं नाही. मी पोत्यांच्या मागं उभी राहून खायची, तोंड पुसून घरात जायची. आणि मी कुणाला सांगितलं नाही, शब्द पाळला.

शेवटी जे झालं, ते पर्वाचे दिवस होते, आत्याबाईंचा स्वभाव तू जाणतेस. त्या वेळी कुणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यावर आता काय लिहायचं?

पोरीसाठी तरी कळव.

कांता

*

बेळगाव
१० ऑगस्ट

कांतावैनी यांस लक्ष्मीबाई भीमाप्पा हिचा जयभीम.

तुमची दोन पत्रं मिळाली. माझं लिहिणं सावकाश असतं म्हणून उशीर झाला.

ज्वारी दोन वाट्या. नाचणी एक. हुलगं अर्धी. मटकी अर्धी. समदं सालीसकट. येगयेगळं भाजायचं, करपवायचं न्हाय. गिरणीतनं जाडसर दळून आणायचं. चाळायचं न्हाय. तुम्ही चाळत असणार. चाळलं की कोंडा जातो आन् उरलेलं पीठ तव्याला चिकटतं.

ताकात भिजवून ठेवायचं, सकाळी घालायचं. मीठ, जिरं. लसूण तुमच्यात न्हाय तर घालू नका. लोखंडी तवा चांगला तापू द्या. तेलाचा नुसता हात फिरवा. कडंनं मधी वतत यायचं. झाकण ठेवा. कड आपआपनं सुटंपतोर हात लावायचा न्हाय. तुम्ही आधीच उलथणं घालत असणार.

पोरीला उठल्या उठल्या हातरुणातच अर्धं द्या. पाणी मागनं.

पीठ जयाबाईच्या हाती धाडलंय. तुमच्यात चालत नसंल तर माघारी धाडा. टाकू नका.

लक्ष्मीबाई

*

निपाणी
१७ ऑगस्ट २०२५

लक्ष्मीबाई,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही. तुम्ही माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. पहिल्या पत्रात मी तुम्हाला 'चि.' लिहिलं, अनेक आशीर्वाद दिले, 'तू' म्हटलं, आणि लिहिताना हाताला काही वेगळं वाटलंसुद्धा नाही. घरात सगळेच तुम्हाला नुसतं लक्ष्मी म्हणायचे. शाळेत जाणारी पोरंसुद्धा. तुमचं पत्र आलं आणि त्यात तुम्ही मला 'वैनी यांस' लिहिलं होतं. मग माझी दोन्ही पत्रं मला आठवली. परत मागवता आली असती तर मागवली असती.

आधी चांगलं सांगते. दिव्या खाते. पहिल्या दिवशी अर्धं खाल्लं आणि आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसलो, ही कधी मोरीकडे धावते म्हणून. धावली नाही. आज सकाळी दोन खाल्ली. कड आपोआप सुटते, तुम्ही म्हणालात तशी. मी पस्तीस वर्षं स्वयंपाक करते आणि तव्याला सवड द्यायची असते हे मला ठाऊक नव्हतं.

आणि हो, मी चाळत होते. आम्हा जैनांत पाणी गाळल्याशिवाय आणि पीठ चाळल्याशिवाय हात पुढं जात नाही, जीव जाऊ नये म्हणून. तुमचं पीठ चाळलं नाही. पावसाळ्यात आमच्यात तीन दिवसांवरचं पीठ वापरत नाहीत, ते मी सात दिवस वापरलं. कडधान्याचं पीठ ताकात कालवलेलंही आमच्यात चालत नाही, ते कालवलं. नेम मोडल्याचं मला फार वाटलं नाही. ज्याचं वाटतं ते आता लिहिते.

जयाबाई पीठ घेऊन आली ती मागच्या दारानं. मी दारातच पिशवी घेतली. तिला आत ये म्हणाले नाही. मुद्दाम नव्हे, सुचलंच नाही. यांनी विचारलं, "काय आलंय?" मी म्हणाले, महिला मंडळातून पीठ मागवलंय. दिव्यानं विचारलं, तिलाही तेच सांगितलं. मग तिनं धिरड्याचा फोटो काढून घराण्याच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमच्या आजेसासूबाईंची खास पाककृती.' संध्याकाळपर्यंत चाळीस जणांनी हात जोडले. काकूंनी लिहिलं, 'जुन्या माणसांची गोष्टच वेगळी.' ते मी वाचत होते आणि तुमच्या पिठाचा हात माझ्या पदराला पुसत होते.

दुसरं. जूनमध्ये दिव्याला बेळगावच्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी आहार विचारायला शेजारच्या खोलीत पाठवलं. दारावरच्या पाटीवर कन्नडमध्ये 'उपासना बी.' एवढंच होतं. आत गेले तर तुमचंच कपाळ, तुमचेच डोळे. तिनं दिव्याला सगळं समजावून सांगितलं, एकदाही घड्याळ बघितलं नाही. शेवटी म्हणाली, "अख्ख्या धान्याचं धिरडं देऊन बघा. माझी आई करते तसं." दिव्यानं विचारलं, तुमच्या आई कुठल्या? "निपाणीच्या. लक्ष्मीबाई. वखारीत होत्या." मग माझ्याकडे बघून हसून म्हणाली, "तुम्ही पण निपाणीच्या ना? ओळखत असाल."

मी म्हणाले, न्हाय.

कागद घेतला आणि बाहेर आले. दिव्या म्हणाली, आई, तुमचा हात गार पडलाय. मी म्हणाले, एसीमुळं. फोनवर मला ऐकू येत नाही, हेही खोटंच. मला चांगलं ऐकू येतं. तुम्ही "कोण?" असं विचारलंत तर काय सांगू, याची भीती होती.

आता तो दिवस. तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही तिथं होतात. पण मी तो कधी मोठ्यानं उच्चारला नाही, म्हणून लिहिते.

दशलक्षण पर्वाचा शेवटचा दिवस, अनंत चतुर्दशी. आदल्या दिवशीच्या दोन धिरड्यांतलं एक मी खाल्लं आणि एक सकाळसाठी ठेवलं. तुमच्याच फडक्यात, हिरव्या काठाच्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून, स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागं. तुम्ही कितीदा सांगितलं होतंत, "वैनी, हितंच खावा, घरात न्हिऊ नका." मी नेलं. आत्याबाईंना ते सापडलं. त्या ते चिमट्यात धरून अंगणात आल्या. तुम्ही आठ जणी तंबाखू निवडत होता. मी उंबऱ्याशी पीठ चाळत बसले होते.

"ह्ये फडकं कुणाचं?"

ते तुमचं हे सगळ्यांना माहीत होतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? माझा बोभाटा झाला असता. माहेरी निरोप गेला असता. चार दिवस कुणी बोललं नसतं. एवढंच. घरातून कुणी घालवलं नसतं, पोटात यांचा वंश होता. हे मला तेव्हाही कळत होतं.

मी म्हणाले, "लक्ष्मी सकाळी आत आलती. मी बघितलं."

गप्प बसले असते तरी वेगळं होतं. मी गप्प बसले नाही, खोटं बोलले. पुरती आठवण आहे मला, चाळणीवरचा हातसुद्धा थांबला नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, "व्हय. चुकलं माझं." उपासनाला उचललंत आणि गेलात.

ते धिरडं उकिरड्यावर टाकलं. स्वयंपाकघर धुतलं, भांडी विस्तवावर धरली. पाणी मी ओढलं, आणि पोटुशी असून किती करते म्हणून आत्याबाईंनी माझं कौतुक केलं. पेठेतल्या एकाही वखारीनं तुम्हाला पुन्हा कामाला घेतलं नाही. 'तू काम सोडून गेलीस' असं मी महिन्यापूर्वी लिहिलं. त्या पत्राला तुम्ही पिठाची पिशवी धाडलीत, आणि लिहिलंत, टाकू नका.

तिसऱ्या दिवशी क्षमावाणी होती. पर्व संपलं की आम्ही दारोदार जाऊन हात जोडतो, कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा म्हणतो. मी आत्याबाईंच्या मागून अख्खी पेठ फिरले. गेली पस्तीस वर्षं दर वर्षी म्हणते. हल्ली फोनवर फुलांचं चित्र पाठवते, दोनशे जणांना. तुमचं दार कधीच त्यात आलं नाही. आणि त्यातलं 'नकळत' मला लागू नव्हतं.

क्षमावाणी यंदा आठ सप्टेंबरला आहे. त्या दिवशी मी घरात सगळ्यांसमोर हे सांगणार. तुम्हाला लिहून ठेवते, म्हणजे मला पळता येणार नाही. मी पळपुटी आहे, हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

कांता

*

निपाणी
८ सप्टेंबर २०२५

लक्ष्मीआक्का,

आक्का म्हणायचा मला हक्क नाही. पण दुसरं काही लिहवेना.

सांगितलं.

सकाळपासून पळायला बघत होते. देवळातून आल्यावर पाहुणे आले, त्यांना हात जोडले, त्यांनी मला जोडले. मग वाटलं, अभिनंदन सणासाठी रजा काढून थांबलाय, दमलाय. मग वाटलं, दिव्याच्या मनावर परिणाम होईल. पोरीला जेमतेम अन्न लागायला लागलंय, तिला कशाला? मला सबबी किती चटकन सुचतात ते बघून माझी मलाच किळस आली. शेवटी दुपारी जेवणं झाल्यावर मी आत्याबाईंना खुर्चीत बसवून बाहेर आणायला सांगितलं. अभिनंदनला वाटलं, सगळ्यांचा फोटो काढायचाय. त्यानं केस नीट केले.

मी उभं राहूनच बोलले. बसले असते तर रडले असते, आणि मग सगळ्यांनी माझंच सांत्वन केलं असतं. फडकं, पिठाचा डबा, "आत आलती" म्हटलेलं, सगळं. उपासनाला न्हाय म्हणाले तेही. पीठ मंडळातलं नाही, तुमचं आहे, हे शेवटी.

हे म्हणाले, "पस्तीस वर्षांनी ह्ये कशाला उकरतीस? झालं गेलं." यांना वाईट वाटलं नव्हतं असं नाही, यांना अवघडलं होतं. अभिनंदननं हातातला फोन पालथा ठेवला.

मग आत्याबाई म्हणाल्या, "मला ठावं हुतं."

आक्का, मला आधी कळलंच नाही.

"तुझ्या तोंडाला लसणाचा वास यायचा की गं रोज. ती आत आली न्हवती, मी सकाळधरनं स्वयंपाकघरातच हुते. तू ठेवलेलं, मला ठावं हुतं."

मी विचारलं, "मग तिला का घालवलं?"

त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जसं काही मी खुळ्यासारखं विचारतेय. "तुला कुठं घालवणार? पोटात नातू हुता. तिला घालवणं सोपं हुतं."

एवढं बोलून त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं. इतकी वर्षं मी त्या बाईपासून लपवत होते आणि ती माझ्यापासून, एकाच स्वयंपाकघरात. मला वाटत होतं, सांगितल्यावर मन हलकं होईल. तसलं काही झालं नाही. उलट दिसलं की माझं खोटं कुणाला पटलंसुद्धा नव्हतं. ते फक्त सोयीचं होतं. मी बोलले नसते तरी त्यांनी तुम्हालाच घालवलं असतं कदाचित. पण त्यांना माझ्या तोंडून हवं होतं आणि मी दिलं. मला यातून सूट नको.

दिव्या उठून आत गेली. मला वाटलं, उलटी. ती पलंगावर बसली होती. मला म्हणाली, "आई, मी रोज खाते ते. रोज तुम्हाला विचारते, छान झालंय, कसं सुचलं तुम्हाला. आणि तुम्ही हसता." ती म्हणाली, "मला उपासना मॅडमना तोंड दाखवायचंय पुढच्या महिन्यात."

मग मी तिला घराण्याच्या ग्रुपवर लिहायला सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही लिहा. मी लिहिलं: 'ही पाककृती आमच्या घरची नाही. लक्ष्मीबाई भीमाप्पा यांची आहे. अभिनंदनच्या वेळी त्यांनी मला खाऊ घालून जगवलं आणि मी त्यांच्यावर खोटा आळ घेतला. त्या आमच्या स्वयंपाकघरात कधीही आल्या नव्हत्या.' फोटोला चाळीस जणांनी हात जोडले होते. याला दोघांनी जोडले. काकूंनी थोड्या वेळानं कुठल्या तरी फुलांचं चित्र टाकलं.

आता एक मागणं आहे, आणि मागायची लाज वाटते, कारण आजवर मी तुमच्याकडे मागतच आले. मला बेळगावला यायचं आहे. तुमच्या दारात उभी राहीन. आत बोलवायची काही गरज नाही. दार उघडलं नाही तरी चालेल, तेवढं माझ्या वाट्याचं आहे. तुमच्या तोंडासमोर एकदा म्हणायचं आहे, कळून केलं, क्षमा करा. करावीच असं नाही.

कांता

*

बेळगाव
१३ सप्टेंबर

कांतावैनी यांस जयभीम.

तुमची पत्रं उपासनानं वाचली. मी तिला कधी काय सांगितलं न्हवतं. आईला कामावरनं का काढलं, ह्ये तिला आत्ता कळलं. तिला लई राग आलाय. तो मी घालवणार न्हाय, तिचा तिच्यापाशी ऱ्हाऊ द्या. तुमच्या सुनंला ती बघंल, त्यात कमी करणार न्हाय, त्याची काळजी नको.

माफ केलं का म्हणून मला इचारू नका. मला अजून ठावं न्हाय. त्या दिवशी निपाणीच्या स्टँडवर पोरगी कडंवर घिऊन बसले हुते. पोरगी धिरडं मागत हुती. तिच्यासाठी ठेवलेलं बी आदल्या दिवशी तुम्हालाच दिलेलं. ते तुम्हाला ठावं न्हवतं म्हणून सांगितलं. आळ घेतला त्यापरीस मला ते जास्त लागलं.

तुमच्या स्वयंपाकघरात मी पाऊल ठेवलं न्हवतं, ह्ये आता तुमच्यात समद्यास्नी कळलं. तेवढं बरं झालं. ह्यांस्नी बी कळायला पायजे हुतं, पण ते गेले चार वर्सामागं. तुम्ही पत्रात नमस्कार लिवलाय त्यांस्नी. तो फोटोला सांगितला.

दारात उभं ऱ्हायचं न्हाय. शेजारपाजारची बघत्यात. आत यायचं, स्वयंपाकघरात बसायचं आन् माझ्या ताटात जेवायचं. सुनंला आणा. जयाबाईला बी आणा, आन् निघताना तिला तुमच्या फुडच्या दारानं घरात घिऊन मग निघा. तिनं मला सांगितलं तरच मी तवा ठेवणार.

लसूण घालणार न्हाय. पीठ चाळणार न्हाय.

तुम्ही दिवस बुडायच्या आत जेवता न्हवं का. म्हणून सकाळच्याच गाडीनं निघा. उशीर करून उपाशी माघारी जाऊ नका.

लक्ष्मीबाई